मनाचा तास नसतो

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या कायद्याइतक्याच बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. पट त्याहून कमी असेल तिथे बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची. शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मार्कांवरून मुलांचे वेगळे गट पाडायचे नाहीत, चारचौघांत कुणाला खाली पाहायला लावायचं नाही. वाचताना बरं वाटतं. मग कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभरच्या आसपासही जात नाही. तिथे एक गुरुजी, एक बाई आणि एका वर्गात दोन-दोन इयत्ता असतात. ‘बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी’ म्हणजे तिथे प्रत्यक्षात काय? मुलाचं काही बिनसलं तर ते दिसणार गुरुजींना किंवा बाईंनाच, आणि पहिलं पाऊलही त्यांनीच टाकायचं. म्हणून या निकालाच्या निमित्ताने विचारायचा प्रश्न समुपदेशक किती नेमले एवढ्यापुरता राहत नाही. मुलांच्या मनाची काळजी घेण्याचं काम शिक्षकाने करावं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्याकडून नेमकं काय मागतो आणि त्यासाठी त्याला काय देतो, हे आधी ठरवायला हवं.

माझं म्हणणं असं आहे. शाळेतलं मानसिक आरोग्य दोन गोष्टींवर उभं राहतं. एक, शाळेची रोजची हवा. म्हणजे चूक झाली तर काय होतं, मागे पडलं तर काय म्हणतात, रडू आलं तर कुठे जायचं. दोन, असा एक मोठा माणूस, ज्याच्याकडे मुलासाठी वेळ आहे आणि ज्याच्या हातात मुलाचे गुण नाहीत. पहिली गोष्ट शिक्षक करू शकतो, तीही त्याला मोकळं ठेवलं तर. दुसरी एकट्या शिक्षकाकडून होत नाही आणि ती त्याच्याकडे ढकलल्याने पहिलीही बिघडते. आपल्याकडे चाललं आहे ते नेमकं हे ढकलणं. आणि या दोन्ही गोष्टी कशा करायच्या, याचे नमुने शोधायला कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात सर्वाधिक, १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. ज्या राज्याने शिक्षणाला चळवळीचं रूप दिलं, त्याला हा आकडा नुसता वाचून पुढे जाता येणार नाही. आत्महत्या हे दुःखाचं टोक झालं; त्याच्या अलीकडचा पसारा फार मोठा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये उपचाराची गरज भासावी असे मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार मुलं धरा. देशात दर लाख लोकांमागे एकही पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आकडा ०.७५ आहे. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण या जिल्ह्यासाठीचं सरकारी मनोरुग्णालय म्हणजे आंबा घाट उतरून गाठायचं रत्नागिरी. त्या चार मुलांपैकी तज्ज्ञापर्यंत किती पोहोचणार? आणि वर्गातली उरलेली छप्पन्न मुलं आजारी नसली तरी त्यांना परीक्षेची भीती, घरातली भांडणं, बापाची दारू, फुटलेली मैत्री, अंगावर उमटणारं वय यातलं काहीच चुकत नाही.

ही मुलं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. सोमवारी सकाळी पोटात दुखतं. डबा तसाच परत जातो. ‘करमत नाही’, ‘जीव रमंना’, ‘डोकं फिरलंय’, फार तर ‘टेन्शन आलंय’. मोठी माणसं म्हणतात, घुम्यासारखा बसतोय, डोक्यात राख घालून घेतलीय, लई मनाला लावून घेतंय पोरगं. आपल्या भाषेला मनाच्या दुखण्याची चांगली ओळख आहे, पण या प्रत्येक शब्दप्रयोगात थोडा दोष त्या मुलाच्याच पदरी टाकलेला असतो: मनाला ‘लावून घेतलं’ त्याने, राख ‘घातली’ त्याने. त्यातून दुखणं वाढलं तर एक वाट देवर्षीकडे जाते आणि दुसरी ‘वेड्याच्या डॉक्टर’कडे, आणि दोन्ही वाटांवर लाज उभी असते. शिक्षकाचं पहिलं काम मला इथे दिसतं. पोटदुखी दर सोमवारीच का होते, हे त्याच्या लक्षात यावं आणि त्याने ते दोष न देता विचारावं. यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मूल रोज दिसत असावं आणि ते दिसण्याइतकं शिक्षकाचं डोकं मोकळं असावं, एवढंच लागतं.

लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द प्राथमिक शाळेच्या आसपासही नव्हता. ना. सी. फडके यांच्या या कन्येने आयुष्यभर अध्यापक महाविद्यालयांत शिक्षक घडवले होते. शिक्षकांना काय सांगितलं जातं आणि शाळेत प्रत्यक्ष काय घडतं, यातलं अंतर त्यांना जवळून ठाऊक होतं. निवृत्तीच्या वयात त्यांनी ते अंतर स्वतः पार करून पाहायचं ठरवलं आणि एक छोटी मराठी प्राथमिक शाळा काढली. शिक्षा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, स्पर्धेचं टोचणं नाही. बाजार, शेत, नदी, कारागिराचं दुकान हेही वर्गच. मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि ते लिहिणं मोठ्यांनी गंभीरपणे वाचायचं. ‘लिहिणं मुलांचं शिकवणं शिक्षकांचं’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच त्यांचं तत्त्व सांगतं. जून २०२० मध्ये, त्र्याण्णव वर्षांचं आयुष्य जगून त्या गेल्या.

लीलाताईंच्या शाळेकडे सहसा शिकवण्याच्या पद्धतीचा प्रयोग म्हणून पाहिलं जातं. मला ती मनाच्या आरोग्याचीही शाळा वाटते आणि त्याची कारणं भावनिक नाहीत. मुलाला रोज स्वतःचं काही लिहायला मिळालं आणि त्यावर लाल शाईचे फुलोरे न उमटता कुणी उत्तर दिलं, की आतलं बाहेर काढायची सवय लागते. वेगळ्या तासाला ‘भावना व्यक्त करा’ असं सांगून ती लागत नाही. नंबरच नसेल, तर शेवटचा नंबरही कुणाचा नसतो. ‘ढ’ हे अक्षर बाराखडीतून उठून एखाद्या मुलाच्या कपाळावर बसतं, ते सात-आठ वर्षांच्या वयात. आणि पुढच्या कुठल्याही समुपदेशकाला ते पुसायला जेवढे कष्ट पडतात, त्यापेक्षा ते बसू न देणं सोपं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मार्कांवरून गट पाडू नका असं सांगितलं, त्याच्या चाळीस वर्षं आधी कोल्हापुरातल्या एका शाळेने ते करून दाखवलं होतं. आणि आजही हायस्कुलांत ‘अ तुकडी हुशारांची, ड तुकडी उरलेल्यांची’ हा हिशेब जून महिन्यात मांडला जातो. ड तुकडीतल्या मुलाला मानसिक आरोग्यावरचं व्याख्यान ऐकवणं म्हणजे जखम उघडी ठेवून वर फुंकर घालणं.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: शाळा छोटी, वय लहान, मागे लीलाताईंसारखी व्यक्ती. दहावीच्या सत्तर मुलांच्या वर्गाला हे लावता येईल का? जसंच्या तसं नाही येणार. पण लीलाताईंच्या कामात व्यक्तीशिवायही चालणारा भाग बराच आहे. नंबर न लावणं, तुकड्या मिसळणं, मुलांचं लिहिलेलं वाचणं, शिक्षा बंद करणं यांना प्रतिभा लागत नाही, निर्णय लागतो. शिक्षा बंद करणं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने सक्तीचंच केलं आहे आणि त्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. एका शाळेने जे स्वखुशीने केलं ते नंतर देशाचा कायदा झालं, तर त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा सगळ्यात भक्कम पुरावा. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले. शाळांचे तीन गट केले होते. एका गटात हा कार्यक्रम चालवायला बाहेरून एक जण नेमला होता; तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस होता. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्या गटात फक्त नेहमीचा सरकारी कार्यक्रम होता. काम तेच: परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक, मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी, दांडगाई आणि शिक्षेविरुद्ध शाळेचं धोरण, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकांतात बोलणं. नववीच्या तेरा हजारांहून अधिक मुलांकडून माहिती घेतली. बाहेरचा माणूस असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं घटली, दांडगाई आणि हिंसा कमी झाली आणि पुढच्या वर्षी हा परिणाम आणखी ठळक झाला. शिक्षकाकडे सोपवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. काहीच नाही.

हा एकटा निष्कर्ष नाही. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, धोक्यात असलेली मुलं ओळखायचं प्रशिक्षण शिक्षकांना दिलेल्या शाळांत लक्षणीय परिणाम दिसला नाही. पण जिथे मुलांनाच आपसांत बोलायला, भूमिका वठवून पाहायला, मदत कशी मागायची ते शिकायला मिळालं, तिथे वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण निम्म्यावर आलं. ब्रिटनमधल्या ८५ शाळांच्या एका प्रयोगात काही शाळांतल्या शिक्षकांना ध्यान-सजगता शिकवून ती मुलांना शिकवायला लावली. २०२२ मध्ये कळलं की नेहमीच्या शाळांपेक्षा मुलांना वेगळा लाभ झाला नाही.

मग शिक्षकांकडून हे होत नाही असं म्हणून विषय संपवावा का? नालंदाचा प्रयोग नीट पाहिला तर तो वेगळं सांगतो. शाळा तशाच, मुलं तशीच, कार्यक्रम शब्दशः तोच. एक फरक असा की एका माणसाकडे त्या कामाशिवाय दुसरं काम नव्हतं आणि दुसऱ्याकडे आधीच सहा तास, पेपर तपासणी आणि कागदपत्रांचा ढीग होता. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हातात तोंडी परीक्षेचे वीस गुण आहेत, जो पालकसभेत वडिलांना भेटणार आहे, त्याच्यासमोर पंधरा वर्षांचं मूल मन मोकळं का करेल? त्यात शिक्षकाचा दोष नाही. न्यायाधीशाला आपण वकील होऊ देत नाही, तसंच हे आहे. आणि जिंकलेल्या गटातही बदल घडला तो मुख्यतः शाळेच्या वातावरणात, म्हणजे शिक्षकांच्याच रोजच्या वागण्यात. बाहेरचा माणूस आला, त्याने शिक्षेवर प्रश्न विचारला, पेटीतल्या चिठ्ठ्या मुख्याध्यापकांपुढे ठेवल्या, आणि शाळेची हवा हलली. शिक्षक त्या प्रयोगात निरुपयोगी ठरला असं मी वाचत नाही. एकटा सोडलेला शिक्षक निरुपयोगी ठरतो, असं वाचतो.

इथे कुणी साने गुरुजींचं नाव घेईल. त्यांच्यापाशी मुलं मन मोकळं करत होती की! करत होती. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी वर्गात शिकवत तसे छात्रालयही सांभाळत. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. त्यांचं मुलांशी जडलेलं नातं तासाच्या घंटेबाहेरचं, जेवणाच्या पंगतीतलं, आजारपणातलं होतं. महाराष्ट्रातल्या ज्या शिक्षकांना आपण मुलांचे आईबाप म्हणून आठवतो, त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागे एक वसतिगृह उभं आहे.

आणि वसतिगृह म्हटलं की कोल्हापूर. १८ एप्रिल १९०१ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या वीस वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकामागून एका समाजाची बोर्डिंगं या शहरात उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. दसरा चौकाच्या आसपास आजही त्यातल्या काही इमारती दिसतात. इतिहासात आपण यांना शिक्षणप्रसाराचं साधन म्हणून शिकतो, ते खरंच आहे. पण महाराजांना कळलेली एक गोष्ट त्या पलीकडची होती. खेड्यातून आलेल्या मुलाला फी माफ केली तरी तो टिकत नाही. त्याला शहरात कुणीतरी आपलं लागतं, वेळेवर जेवण लागतं, आजारी पडला तर कपाळावर हात ठेवणारं माणूस लागतं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणाऱ्या राजाने नुसती शाळा पुरेशी मानली नाही. जातवार बोर्डिंगांवर टीका झाली, आजही होते; ती चर्चा वेगळी. पण एकट्या मुलाला आधी आधार मग अक्षर, हा क्रम तिथे ठरला. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिचा पायाही वसतिगृहच होतं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. लक्ष्मीबाई समुपदेशक नव्हत्या. पण नालंदाच्या शाळांत ज्या माणसाने फरक पाडला, त्याची जागा त्या बोर्डिंगात लक्ष्मीबाईंची होती: शिकवणारी नाही, गुण देणारी नाही, तरी रोज तिथे असणारी.

ही जागा आज रिकामी आहे. सरकारी वसतिगृहांत गृहपाल असतो. त्याच्यापुढे हजेरी, भोजनठेका आणि देयकं यांचा पसारा असतो. कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी विशीतली मुलंमुली दिवसाचे दहा-बारा तास बसतात. तिथे तर मोठं माणूसच नसतं, खुर्चीचं महिन्याचं भाडं असतं. याच शहराने तरुणाच्या शरीरासाठी मात्र पक्की व्यवस्था केली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमींत वस्ताद पठ्ठ्याचा खुराक पाहतो, झोप पाहतो, कुस्ती हरल्यावर दोन दिवस तो कुठे बसतो तेही पाहतो. वस्ताद सगळेच हळवे असतात असं नाही. पण हरलेला पठ्ठा तालमीत परत यायला हवा, हे त्याचं काम आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षेत हरलेल्या मुलाला परत आणणं हे कुणाचं काम आहे?

‘आम्ही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं?’ हा आक्षेप कोल्हापुरात ठासून येतो, कारण इथे रांगडेपणाचा अभिमान आहे. त्याला दोन उत्तरं. जे बिघडले ते हे सांगायला समोर येत नाहीत. सातवीत शाळा सोडलेल्यांची बाजू माजी विद्यार्थी मेळाव्यात ऐकायला मिळत नाही. दुसरं, छडी खाल्लेल्या मुलाच्या मागे तेव्हा वाडा होता, आजी होती, संध्याकाळी गल्लीतले खेळ होते. आज बऱ्याच मुलांच्या मागे बंद दाराची खोली आणि हातातला मोबाइल आहे. काठिण्य सोसायला पाठबळ लागतं, आणि ते घटलेलं असताना काठिण्य तेवढंच ठेवणं हा कणखरपणा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. मन हा घराचा विषय आहे, शाळेने शिकवावं. पण घर हेच दुखण्याचं मूळ असेल तर? लैंगिक अत्याचाराची कितीतरी प्रकरणं ओळखीच्याच माणसाकडून घडतात. २०१२ चा पॉक्सो कायदा म्हणूनच कुणालाही, शिक्षकालाही, कळलेली गोष्ट पोलिसांना कळवायचं बंधन घालतो. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत, त्याही याच जाणिवेतून. शिवाय जागतिक आरोग्य संघटना सांगते की आयुष्यातल्या मानसिक विकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे मूल शाळेत असतानाच. वडील कारखान्याच्या हंगामात, आई शेतात, अशा घरातल्या मुलाला दिवसभरात शांतपणे पाहणारं मोठं माणूस शाळेतच भेटतं. आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या किंवा वीटभट्टीवरच्या मुलाला शाळाच मिळत नसेल, तर त्याला तेही भेटत नाही. त्यांच्यासाठी कोल्हापुरात ‘अवनि’सारख्या संस्थेने भट्ट्यांवर शाळा नेल्या, तेव्हा तिने अक्षरांबरोबर ही ओळखही नेली.

मग सरकारने काय केलं? केलं आहे, आणि त्यातलं बरंचसं चांगल्या हेतूने. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाने आणि एका शिक्षिकेने आठवड्याला एक तास घेऊन अकरा विषय शिकवायचे, त्यात भावनिक स्वास्थ्य एक. त्याच वर्षी विद्यार्थ्यांना मानसिक आधार देण्यासाठी ‘मनोदर्पण’ आलं. २०२२ मध्ये टेलिमानस ही दूरध्वनीसेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायलाच हवा. राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. पण यातला प्रत्येक उपक्रम, दूरध्वनी सोडला तर, शिक्षकाच्याच दोन हातांवर येऊन पडतो. शनिवार आनंददायी व्हावा यासाठी बाकीच्या पाच दिवसांना हात लावलेला नाही. लीलाताईंनी ‘आनंद’ शाळेच्या नावातच ठेवला होता, एका वारावर नाही.

त्या दोन हातांची अवस्था काय? नव्याने लागणारा प्राथमिक शिक्षक तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. २०२३ मध्ये मानधन वाढून १६,००० रुपये झालं. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांत, म्हणजे नेमक्या सोळा ते बावीस या अवघड वयात, कितीतरी अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. ज्याला घंटेप्रमाणे पैसे मिळतात, त्याने घंटा झाल्यावर एखाद्या मुलीपाशी थांबावं अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? त्यात निवडणूक, जनगणना, मतदारयाद्यांसाठी बीएलओचं काम, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली तेव्हा शाळा निवारा केंद्रं झाल्या; ज्या शिक्षकांनी नंतर मुलांना सावरायचं होतं, त्यांतल्या अनेकांचीच घरं पाण्यात होती. शिक्षकाला कोण सावरतं, हा प्रश्न आपल्या कुठल्याच योजनेत नाही.

छोट्या शाळांचं काय, इथून सुरुवात केली होती. त्याचं उत्तर आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या माणसाकडे आहे. जे. पी. नाईक १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली: एका माध्यमिक शाळेभोवतीच्या लहान शाळा एकत्र बांधायच्या आणि एका शाळेला न परवडणारी माणसं, साधनं सगळ्यांनी मिळून वापरायची. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ती पुन्हा उचलली आहे आणि वाटून घ्यायच्या माणसांत समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते धरले आहेत. आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आधीपासून आहे. प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ माणूस द्यावा. तो मंगळवारी या वाडीत, बुधवारी त्या. नालंदाने दाखवलं की तो मानसशास्त्राचा पदवीधर नसला तरी चालतं. सातारच्या ‘परिवर्तन’ संस्थेने आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ‘मानसमित्र’ घडवून तेच दाखवलं. कोल्हापुरात तर ‘सायबर’ या शिक्षणसंस्थेतून दरवर्षी समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यार्थी बाहेर पडतात. त्या माणसाने मुलांचं ऐकावं, गरज असेल त्याला सीपीआरपर्यंत न्यावं, आणि महिन्यातून एकदा शिक्षकांबरोबर बसावं. मुलांविषयी, आणि शिक्षकांविषयीसुद्धा. शिक्षकाने मात्र आपलं खरं काम करावं: तुकड्या मिसळाव्यात, ‘ढ’ म्हणू नये, सोमवारची पोटदुखी ओळखावी आणि त्या माणसाला सांगावी.

खर्चाचा मुद्दा निघेल. ज्या राजाच्या नावाने आपण इतकं काही चालवतो, त्याने संस्थानाच्या खजिन्यातून बोर्डिंगांना जागा आणि पैसा दिला, तो खजिना महाराष्ट्र राज्याच्या तिजोरीपेक्षा मोठा नव्हता. आणि केंद्रशाळेच्या त्या पदाची जाहिरात कधी निघाली, तर पगाराच्या आकड्याआधी मी एकच गोष्ट शोधेन: नेमणुकीच्या अटींत ‘तासिका तत्त्वावर’ हे शब्द आहेत का.